टाकळा खुडण्याआधी रस्त्याची कड बघा



आजचा विषय तणनाशकाचा आहे. पण शेतातल्या नाही. रस्त्याच्या साईडपट्टीवर, रेल्वेच्या कडेला, कारखान्यांच्या कुंपणालगत आणि एमआयडीसीतल्या मोकळ्या प्लॉटवर जे गवत वाढतं, ते मारायला जे औषध फवारलं जातं, त्याबद्दल आज बोलायचं आहे. पाऊस तोंडावर आला आहे. पहिल्या पावसानंतर आपण टाकळा खुडायला बाहेर पडू. त्याच्या आधी हे बोलणं झालं पाहिजे, म्हणून आजच.

कुणी म्हणेल, रस्त्याकडेची जागा ना आपली ना आपल्या बापाची. तिथे कुणी काय फवारतं याच्याशी आपल्याला काय करायचंय? तर जरा वर्षभराचा हिशोब मांडू या.

मृगाचा पाऊस पडला की आठ-दहा दिवसांत रस्त्याच्या कडेला टाकळा उगवतो. त्याच्या मागून कुरडू, केना, माठ, घोळ. आपल्या कातकरी आणि ठाकूर भगिनी पहाटे उठून हा पाला खुडतात, जुड्या बांधतात आणि पेणच्या, रोह्याच्या, नागोठण्याच्या बाजारात आणून विकतात. त्या दिवसांत हाताला दुसरं काम नसतं. भाताची लावणी अजून लांब असते. त्या जुड्यांच्या पैशावर घरात मीठ-मिरची येते. त्याच दिवसांत रस्त्याकडेच्या चरांतून, मोरीखालून वलगणीचे मासे वर चढतात, खेकडे आणि मुठे मिळतात. श्रावणात त्याच कडेला शेरडं चरतात आणि गुरांसाठी आपण भारा कापतो. गणपती आले की पत्रीचा आघाडा, दूर्वा, आणि गौरीसाठी तेरडा आपण तिथूनच आणतो. थंडीत पोपटी लावायची म्हटली की मडक्यात घालायला भांबुर्डा लागतो, तोही बांधावरून आणि रस्त्याच्या कडेवरूनच तोडून आणतो.

म्हणजे बघा, ज्येष्ठापासून माघापर्यंत या कडेवरून काही ना काही आपल्या घरात येतं. सातबाऱ्यावर ती जागा आपल्या नावावर नसेल, पण आपल्या ताटात ती आहे. आणि गंमत अशी की टाकळा, कुरडू, केना, घोळ, माठ ही सगळी नावं शेतीच्या पुस्तकात तणांच्या यादीत आहेत. ज्याच्या पाठीवर पंप आहे त्याला ते तण दिसतं, आपल्याला ती भाजी दिसते. दोघं एकाच रोपाकडे बघत असतात. अडचण इथेच आहे.

आता दुसरी बाजूही नीट समजून घेऊ. रस्त्याकडेचं गवत कधीच काढू नये, असं आमचं म्हणणं नाही. मुंबई-गोवा महामार्गावर वडखळ, नागोठणे, कोलाडच्या बाजूने जाताना वळणावर डोक्याएवढं गवत असलं तर समोरून येणारी गाडी दिसत नाही. शाळेत चालत जाणाऱ्या मुलांना गवतामुळे रस्त्याच्या मधून चालावं लागतं. गटारात तण माजलं की पाणी रस्त्यावर येतं. साप-विंचवाचं भय असतंच. कारखान्यात तर गोष्ट आणखी वेगळी. धाटावसारख्या रासायनिक वसाहतीत टाक्या असतात, पाइप असतात, विजेची यंत्रं असतात. दिवाळीनंतर गवत वाळलं आणि त्यात ठिणगी पडली तर काय होईल, हे सांगायला नको. म्हणून टाक्यांच्या आणि ट्रान्सफॉर्मरच्या भोवती गवत ठेवून चालत नाही. तण काढायचं हे ठीक. प्रश्न आहे तो कुठे, कशाने, कधी, आणि कुणाला सांगून.

पूर्वी रस्त्याची निगा मैलकुली ठेवायचे. ते विळ्या-फावड्याने गवत काढायचे, चर मोकळे करायचे. कापलेलं गवत कुणीतरी गुरांना न्यायचं. आता बरीच कामं ठेक्याने जातात. कापणीला माणसं जास्त लागतात, दिवस जास्त लागतात आणि पावसाळ्यात महिन्याभरात गवत पुन्हा उभं राहतं. पंप घेतलेला एक माणूस दिवसभरात लांबवर फवारत जातो. ठेकेदाराला ते स्वस्त पडतं. पण त्या स्वस्ताईचा भार कुठे पडतो, तो हिशोब कुणी मांडत नाही. तो आपण मांडू.

त्यासाठी ही औषधं काम कशी करतात ते समजून घ्यायला हवं. नावं जरा अवघड आहेत, पण लक्षात ठेवण्यासारखी आहेत. मुख्य तीन.

पहिलं ग्लायफोसेट. हे पानावर पडतं, पानातून आत शिरतं आणि रसाबरोबर पार मुळापर्यंत जातं. गवत असो की रुंद पानाचं रोप, हिरवं जे असेल ते मरतं. पण लगेच मरत नाही. पहिले चार-पाच दिवस रोप हिरवंच दिसतं. मग कोवळी पानं पिवळी पडायला लागतात, आणि सगळं वाळायला दोन-तीन आठवडे जातात. हे नीट लक्षात ठेवा, कारण आजच्या बोलण्यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हा आहे. सोमवारी फवारलेला टाकळा बुधवारी हिरवागार दिसतो. खुडणारीला काही कळत नाही, विकत घेणारीला तर मुळीच नाही. आणि औषध पानाच्या वर नाही, आत असतं. त्यामुळे मिठाच्या पाण्यात धुतलं, उकळून पाणी टाकलं, तरी ते जात नाही.

दुसरं टू-फोर-डी. हे रुंद पानाची रोपं मारतं आणि गवत तसंच ठेवतं. म्हणजे टाकळा, कुरडू, माठ हे सगळं जातं. याची खूण अशी की रोपाचे शेंडे पीळ घातल्यासारखे वाकडे होतात, पानं मुडपतात. याचे तुषार वाऱ्याने बाजूच्या वावरात गेले तर तिथल्या पिकालाही बाधतात. भात निघाल्यावर आपण वाल पेरतो, कुणी रस्त्यालगत वांगी-मिरची लावतं. वालाचे कोंब वाकडे झाले तर नुसती कीड किंवा रोग समजू नका, चार-आठ दिवसांत रस्त्याला कुणी फवारलं होतं का, हेही विचारा.

तिसरं पॅराक्वाट. हे पानाला जिथे लागेल तिथे जाळतं. ऊन असेल तर काही तासांतच पानं उकडल्यासारखी दिसतात आणि एक-दोन दिवसांत करपतात. भाजीच्या दृष्टीने हे ओळखायला सोपं, पण माणसासाठी तिघांत सगळ्यात घातक. थोडं जरी पोटात गेलं तरी फुप्फुसं आणि मूत्रपिंडं निकामी होतात आणि यावर उतारा नाही. युरोपीय संघात ते 2007 पासून बंद आहे. आपल्या घरात, गोठ्यात, माळ्यावर याची अर्धी उरलेली बाटली असता कामा नये. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत तर कुठलंच औषध कधी ओतून ठेवू नका.

आता कडेला फवारणी झाली आहे हे ओळखायचं कसं? कापलेल्या गवताला कापलेला बुडखा दिसतो आणि गवत आडवं पडलेलं असतं. फवारलेलं गवत उभ्या उभ्या पिवळं होतं. पिवळ्या पट्ट्याची कड सरळ रेघ मारल्यासारखी असते, कारण पंपाचा नोझल जिथवर पोचला तिथवरच ते मरतं. पट्ट्याच्या आत पिवळं आणि बाहेर हिरवंगार, असं दिसलं की समजायचं. कधी औषधाचा वास येतो, कधी रिकामी बाटली किंवा डबा चरात पडलेला असतो. यातलं काहीही दिसलं तर त्या पट्ट्यातली भाजी त्या हंगामात नको. शेळी तिथे सोडायची नाही, भारा तिथून कापायचा नाही. दहा-वीस रुपयांच्या जुडीसाठी कुणाच्या पोराच्या पोटात काय जातंय याचा भरवसा नसेल, तर ती जुडी आपण विकायची नाही. आपली गिऱ्हाइकं वर्षानुवर्षं आपल्यावर विश्वास ठेवून घेतात.

यावर कुणी म्हणेल, ग्लायफोसेट तर जगभर वापरतात, त्याने काही होत नाही असं दुकानदार सांगतो. याबाबत जगात दोन मतं आहेत, ती दोन्ही सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मार्च 2015 मध्ये ग्लायफोसेटला ‘माणसात बहुधा कर्करोग घडवणारं’ या गटात टाकलं. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचं म्हणणं वेगळं आहे. त्यांच्या मते नीट वापरलं तर कर्करोगाचा धोका संभवत नाही. पण त्याच अमेरिकेत, कॅलिफोर्नियात, ड्वेन जॉन्सन नावाचे एक गृहस्थ शाळांच्या आवारातलं तण मारायचं काम करत होते. त्यांना कर्करोग झाला. त्यांनी औषध बनवणाऱ्या मोन्सँटो कंपनीवर खटला भरला आणि ऑगस्ट 2018 मध्ये ज्युरीने त्यांच्या बाजूने निकाल दिला. पुढे अपिलात भरपाईची रक्कम बरीच कमी झाली, पण निकाल त्यांच्याच बाजूने राहिला. हे उदाहरण अशासाठी सांगितलं की ते शेतकरी नव्हते. आपण आज ज्या जागांबद्दल बोलतोय, तशाच जागांवर ते फवारत होते.

आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण यवतमाळचं. 2017 मध्ये तिथे कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी आणि मजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक जण दगावले. ती औषधं मुख्यतः किडीची होती, तणाची नव्हती. तरी त्यातला धडा सगळ्या फवारणीला लागू पडतो. तोंडाला फडकं नाही, हातात मोजे नाहीत, वारा तोंडावर येतोय, कपडे भिजलेत आणि तरी माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत फवारतोय. पहिला फटका त्यालाच बसतो. दुसरा फटका घरात त्याचे कपडे धुणाऱ्या बाईला बसतो.

कायदा काय म्हणतो तेही माहीत असू द्या. 1968 चा कीटकनाशक कायदा आणि 1971 चे नियम आहेत. नाव कीटकनाशक असलं तरी तणनाशकंही त्याच कायद्यात येतात. फवारणाऱ्या मजुराला संरक्षक कपडे मिळाले पाहिजेत, असं नियमात आहे. बाटलीबरोबर माहितीपत्रक असलं पाहिजे. बाटलीवर रंगीत चौकोन असतो: लाल म्हणजे अतिशय विषारी, पिवळा त्याच्याखालोखाल, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे प्यायचं पाणी नव्हे, एवढं ध्यानात ठेवा. ग्लायफोसेटला आपल्या देशात चहाच्या मळ्यांत आणि पीक नसलेल्या जमिनीवर वापरायला मान्यता मिळाली. पीक नसलेल्या जमिनीत आपली साईडपट्टीही येते. मात्र केंद्र सरकारने 21 ऑक्टोबर 2022 ला अधिसूचना काढून म्हटलं की ग्लायफोसेट फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरनेच वापरावं, बाकी कुणीही वापरू नये. त्यामुळे पंप घेऊन कुणी रस्त्यावर आलं तर, दादा, औषध कोणतं, बाटली दाखवा, आणि फवारणीचा परवाना कुणाच्या नावावर आहे, हे विचारायला आपण बिचकायचं नाही. मात्र त्या मजुराशी भांडायचं नाही. तो आपल्यासारखाच रोजावर आलेला असतो. कागद ठेकेदाराकडे आणि खात्याकडे मागायचा.

आता जमीन आणि पाण्याचं बघू. आपल्याकडे चार महिन्यांत जेवढा पाऊस पडतो, तेवढा विदर्भ-मराठवाड्यात कित्येक ठिकाणी तीन वर्षं मिळून पडतो. फवारल्यावर तासाभरात सर आली तर औषध पानात शिरण्याआधीच धुऊन चरात जातं. तण मरत नाही, पैसे जातात, आणि ते पाणी मोरीतून ओहोळात, ओहोळातून भोगावती, अंबा किंवा कुंडलिकेत आणि शेवटी खाडीत जातं. खारेपाटातल्या गावांना तर पावसाचं तळ्यात साठवलेलं पाणी पुढे महिनोन् महिने पुरवायचं असतं. ग्लायफोसेटच्या काही औषधांत ते पानाला चिकटावं म्हणून साबणासारखा पदार्थ मिसळलेला असतो. तो बेडकांना, त्यांच्या पिल्लांना आणि माशांना बाधतो. आणि पहिल्या पावसात वलगणीचे मासे नेमके त्याच चरांतून वर चढत असतात.

दुसरी गोष्ट उताराची. घाटाच्या आणि भरावाच्या कडेला गवताची मुळं माती धरून ठेवतात. औषधाने मुळासकट गवत मेलं की भर पावसात माती उघडी पडते, चर गाळाने भरतो, आणि जो चर मोकळा ठेवायला फवारलं तोच तुंबतो. विळ्याने कापलं तर मूळ जिवंत राहतं, माती जागेवर राहते. उतारावर फवारणी नको आणि कापणी हवी, याला हेच कारण.

तिसरी गोष्ट, मोकळी जागा मोकळी राहत नाही. औषधाने जमिनीतलं बी मरत नाही. उघड्या मातीवर आधी काय येतं? गाजर गवत आणि रानमोडी. गाजर गवत आपल्याकडे 1955 मध्ये पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलं. अंगाला खाज, दमा, गुरांच्या दुधाला कडवटपणा, सगळे त्रास त्याने होतात. त्याला आवर घालायला 1984 पासून मेक्सिकोतून आणलेले भुंगेरे सोडले गेले. आणि दुसरा उपाय कोणता माहिती आहे? टाकळा! टाकळ्याची दाट गर्दी झाली की गाजर गवताला जागा आणि ऊन मिळत नाही, ते मागे पडतं. तणशास्त्रज्ञही गाजर गवत हटवायला टाकळ्याचं बी फेकायला सांगतात. म्हणजे सरसकट फवारणीत आपण नको असलेल्या तणाबरोबर त्याला दाबून ठेवणारी भाजीही मारतो, आणि पुढच्या वर्षी फवारायला आणखी कारण तयार करतो. वर्षानुवर्षं एकच औषध मारलं की काही तणं त्याला दादही देईनाशी होतात, ते वेगळंच.

मग करायचं काय? आम्ही प्रभागातल्या ताई बसून पाच मागण्या ठरवल्या आहेत. तुमच्या गटाच्या बैठकीत त्या वाचा, पटल्या तर ठराव करा.

पहिली मागणी. फवारणीआधी किमान आठ दिवस ग्रामपंचायतीच्या फलकावर सूचना लागली पाहिजे: कोणता रस्ता, कुठून कुठपर्यंत, कोणतं औषध, कोणत्या तारखेला. कातकरवाडीत फलक वाचायला कुणी येत नाही, म्हणून तिथे दवंडी किंवा तोंडी निरोप गेला पाहिजे.

दुसरी. फवारलेल्या पट्ट्याच्या दोन्ही टोकांना पाटी आणि लाल फडकं लावलं पाहिजे. ‘भाजी खुडू नका, गुरं चारू नका’, मोठ्या अक्षरात, मराठीत. याला फार खर्च नाही.

तिसरी. वस्ती, शाळा, अंगणवाडी, विहीर, तळं, ओहोळ, मोरी आणि भाजी खुडण्याच्या जागा यांच्याजवळ फवारणी अजिबात नको. तिथे कापणीच.

चौथी. कारखान्यांनी आगीच्या भीतीने टाक्यांभोवती जे करायचं ते कुंपणाच्या आत, परवानाधारक माणसाकडून, वारा आणि पाऊस बघून करावं. कुंपणाबाहेर आणि गटारात औषध येता कामा नये.

पाचवी. कापणीचं काम आधी गावातल्या गटांना विचारून द्यावं. याबद्दल जरा सविस्तर सांगतो. गवत दोनदा कापलं की बरंचसं काम होतं: एकदा श्रावणात, फुलोऱ्याआधी, आणि दुसऱ्यांदा दसऱ्याच्या सुमारास, बी गळण्याआधी. ग्रास कटर मशीन दोन गटांत मिळून एक घेता येतं. दगड उडतो म्हणून डोळ्यांना चष्मा, पायात बूट आणि आजूबाजूला पोरं नकोत, एवढी शिस्त पाळली तर बायाही हे मशीन उत्तम चालवतात. कापलेलं गवत चाऱ्याला येतं. गाजर गवत मात्र फुलं येण्याआधी, पाऊस पडून माती ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटायचं.

या मागण्या कुणाकडे न्यायच्या हेही ठरवून घ्या, नाहीतर आपण एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहतो. गावातला अंतर्गत रस्ता ग्रामपंचायतीचा. गावांना जोडणारा रस्ता बहुधा जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाचा. राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचा. महामार्ग राष्ट्रीय महामार्गाच्या कार्यालयाचा. वसाहतीतले रस्ते आणि मोकळे प्लॉट एमआयडीसीचे. रुळाच्या कडेची जागा रेल्वेची. औषध, परवाना, बाटली याबद्दल तक्रार असेल तर तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे जा आणि कीटकनाशक निरीक्षकाची मागणी करा. मासे मेले, ओहोळाला वास आला तर प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवा. अर्जाची एक प्रत शिक्का मारून आपल्याकडे ठेवा. उत्तर आलं नाही तर कोणत्या रस्त्यावर कोणतं औषध किती वापरलं, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं.

आणखी एक साधन आपल्या हातात आहे, ते आपण फारसं वापरत नाही. 2002 च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि गावाची लोकजैवविविधता नोंदवही करायची असते. पुष्कळ गावांत ती कपाटात पडून आहे. ती बाहेर काढायला सांगा. टाकळा कुठे उगवतो, कुरडू कुठे, भांबुर्डा कुठे, वलगण कोणत्या मोरीला चढते, हे सगळं आपल्या आज्यांना पाठ आहे. ते त्या वहीत लिहून घ्या. कातकरी भगिनींना सोबत घेऊन लिहा, कारण सगळ्यात जास्त त्यांना ठाऊक आहे. एकदा कागदावर आलं की ‘पडीक जागा आहे, फवारा’ असं सहज म्हणता येत नाही. ऑगस्टमध्ये कृषी खात्याचा रानभाजी महोत्सव होतो. तिथे आपण हौसेने स्टॉल लावतो, साहेब लोक भाजी चाखून कौतुक करतात. त्याच वेळी भाजीच्या जागांची यादी त्यांच्या हातात द्या.

आता ज्या मैत्रिणी किंवा घरची माणसं ठेकेदाराकडे फवारणीला जातात, त्यांच्यासाठी थोडं. पूर्ण बाह्यांचे कपडे, रबरी हातमोजे, बूट, चष्मा आणि तोंडाला मास्क मिळाल्याशिवाय पंप उचलायचा नाही. वाऱ्याच्या दिशेने पाठ करून फवारायचं. नोझल तुंबला तर तोंडाने फुंकायचा नाही. मधे तंबाखू, विडी, चहा नको. आधी साबणाने हात धुवा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी या कामाला जाऊच नये, औषध कालवायलाही नाही. ते कपडे घरच्या धुण्यात मिसळायचे नाहीत. रिकामा डबा पाणी भरायला, रॉकेलला, भाजीला पाणी घालायला वापरायचा नाही. भोक पाडून ठेकेदाराला परत द्यायचा.

आणि वेळ आलीच तर: अंगावर सांडलं तर कपडे काढून साबण लावून भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यात गेलं तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याने डोळा धुवा. पोटात गेलं तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायच्या भानगडीत पडू नका. दूध नको, तेल नको. लगेच 108 ला फोन करा आणि औषधाची बाटली सोबत न्या. कोणतं औषध आहे हे डॉक्टरांना कळणं फार महत्त्वाचं असतं. आज बरं वाटतंय म्हणून घरी थांबू नका. पॅराक्वाटमध्ये पहिल्या दिवशी माणूस बोलत असतो आणि त्रास नंतर वाढतो.

मैत्रिणींनो, 15 ऑगस्टच्या ग्रामसभेची वाट बघू नका. तोवर टाकळा जून होऊन फुलावर आलेला असेल. या आठवड्याच्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला की दहा मिनिटं या विषयाला द्या. आपण कुठे कुठे भाजी खुडतो त्या जागा एका कागदावर लिहा, त्यावर सगळ्यांच्या सह्या-अंगठे घ्या आणि तो अर्ज पाऊस सुरू व्हायच्या आत सरपंच आणि ग्रामसेवकांच्या हातात द्या. पुढे महिला ग्रामसभेत तोच विषय लावून धरा, म्हणजे मुख्य ग्रामसभेला तो टाळता येणार नाही. ज्या गटांना अर्ज लिहायला मदत हवी त्यांनी आपापल्या गावच्या ताईंना सांगावं. नमुना आम्ही तयार ठेवला आहे.

आणि यंदा टाकळा खुडायला निघाल्यावर आधी दहा पावलं मागे उभं राहून कड बघा. पिवळा पट्टा, पिळलेले शेंडे, रिकामी बाटली असं काही दिसलं तर पुढच्या रानात चला, आणि मागून येणारीलाही सांगा.